ज्यू आणि ख्रिस्ती, दोन्ही असता येतं का? कोकणातल्या मिश्र घरांसाठी

अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरूड या पट्ट्यात हा प्रश्न बहुतेक तीन प्रसंगी डोकं वर काढतो: लग्न जुळताना, मूल झाल्यावर, आणि घरातलं कुणी इस्रायलला जायचे कागद जमवायला लागलं की. चौथा प्रसंग मयताचा. तो सगळ्यांत वाईट, कारण तेव्हा विचारायला वेळ नसतो आणि ओटीवर दहा माणसं दहा सल्ले देत बसलेली असतात.

आजी बेने इस्रायल (कोकणातले ज्यू, ज्यांना इथे नुसतं ‘इस्रायल’ही म्हणतात) आणि आजोबा काथोलिक असतात, किंवा माणूस इस्रायल आळीत वाढलेला असतो आणि आता त्याचा येशूवर विश्वास बसलेला असतो. मग दोन्ही म्हणवून घेता येईल का? जन्माने ज्यू आणि श्रद्धेने ख्रिस्ती अशी माणसं आहेत, आणि त्यांना तसं म्हणण्यापासून कुणी अडवू शकत नाही. पण सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आणि चर्च, दोन्हीकडे एकाच वेळी पूर्ण हक्काचं माणूस होता येत नाही. सगळं अडतं ते बाप्तिस्म्यापाशी. मनात काय आहे ते कुणी वहीत लिहून ठेवत नाही. बाप्तिस्मा मात्र लिहिला जातो आणि ती नोंद पुसली जात नाही. म्हणून पुढचं सगळं तपासायचं ते डोक्यावर पाणी पडायच्या आधी.

विचारणारा कोण, ते आधी बघा

‘मी ज्यू आहे का?’ हे चार ठिकाणी विचारलं तर चार उत्तरं मिळतात. सिनेगॉगचे मुकादम हलाखा बघतात, म्हणजे ज्यू धर्मशास्त्र. फादर किंवा पाळकसाहेब बाप्तिस्मा बघतात. आपलं सरकारी कार्यालय तुम्ही काय लिहून देता ते बघतं. इस्रायलचं सरकार स्वतःचा 1950 चा परतीचा कायदा बघतं, आणि तो हलाखाशी जुळतोच असं नाही.

घोळ होतो तो एका ठिकाणचं उत्तर दुसऱ्या ठिकाणी दाखवल्यामुळे. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्या आधारे मिळालेला दाखला सरकारी कामाला चालतो. सिनेगॉगमध्ये लग्न लावताना त्याचा काही उपयोग नाही. तसंच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘ख्रिश्चन’ लिहिलं असलं तरी त्याने बाप्तिस्मा सिद्ध होत नाही. मास्तरांनी वडिलांना विचारून लिहिलेली ती नोंद, एवढंच.

ज्यू बाजू: आईची रेघ काढा

एक कोरा कागद घ्या. खाली स्वतःचं नाव, त्यावर आईचं, त्यावर तिच्या आईचं, असं निदान तीन पिढ्या वर जा. वडिलांची बाजू तूर्त राहू द्या. हलाखाप्रमाणे ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा रीतसर धर्मप्रवेश केलेला माणूस ज्यू. बाप ज्यू आणि आई ख्रिस्ती असेल तर मूल ज्यू नाही, मग ते दर शनिवारी सिनेगॉगमध्ये का जाईना. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने 1983 मध्ये बापाकडून येणारं ज्यूपणही मान्य केलं, पण मूल ज्यू म्हणूनच वाढलेलं हवं या अटीवर. कोकणातली जुनी सिनेगॉगं त्या पंथाची नाहीत. मुंबईत 1925 मध्ये ज्यूइश रिलिजस युनियनने उदारमतवादी मंडळी सुरू केली, तेवढी वेगळी.

इथे सगळ्यात जास्त फसवतं ते आडनाव. नवगावकर, दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर ही गावावरून पडलेली आडनावं बापाकडून येतात, आणि ज्यूपण आईकडून. त्यामुळे आडनाव अस्सल इस्रायली आणि माणूस हलाखाप्रमाणे ज्यू नाही, असं होतं. उलट आडनाव डिसोजा आणि माणूस ज्यू, असंही होतं. शिवाय यांतली बरीच आडनावं हिंदू घरांतही आहेत.

कागदांत पहिला नंबर केतुबाचा, म्हणजे लग्नाच्या कराराचा. आईची केतुबा मिळाली तर तिचं लग्न ज्यू म्हणून लागलं हे कळतं. पण केतुबेत वधूच्या बापाचं नाव असतं, आईचं नसतं. म्हणून शक्य असेल तर आजीची केतुबाही शोधा. कबरीवरच्या दगडाचंही तेच: हिब्रू किंवा मराठी मजकुरात ‘अमक्याची मुलगी’ एवढंच असतं. दगडाचा फोटो जरूर काढा, ऊन तिरपं असताना म्हणजे झिजलेली अक्षरं उठून दिसतात. पण तो एकच पुरावा म्हणून पुढे करू नका.

चौकशी आईच्या माहेरच्या गावापासून सुरू करा. अलिबागचं मागेन अवोत, रेवदंड्याचं बेथ एल, पेणचं बेथ हाएलोहीम आणि पनवेलचं बेथ एल ही नेहमीची ठिकाणं. घर मुंबईला किंवा ठाण्याला हललं असेल तर लग्न तिकडच्या सिनेगॉगमध्ये लागलेलं असतं, म्हणून गावात वही मिळाली नाही की लगेच निराश होऊ नका. जाताना शनिवार टाळा. त्या दिवशी लिहिणं वर्ज्य असतं, तुम्हाला कुणी काही उतरवून देणार नाही. ज्या लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून अख्खं कोकण शनिवार तेली म्हणायचं, त्यांच्याकडे शनिवारी कागद मागायला जाणं म्हणजे कमालच.

जुन्या माणसांशी बोलताना गोरे आणि काळे इस्रायल हा विषय निघू शकतो. मिश्र लग्नाच्या संततीला ‘काळे’ म्हणून वेगळं ठेवायची चाल एके काळी होती, आपसांत लग्नंही होत नसत. तो भेद आज धरायचं कारण नाही. फक्त एखादी म्हातारी एखाद्या नावाशी गप्प झाली तर का झाली ते लक्षात घ्या आणि खोदून विचारू नका. आणि कुणी फार तोऱ्यात वंशाची शुद्धता सांगू लागलं तर एवढं आठवा: 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलांच्याच लग्नांना पूर्वजांच्या चौकशीची अट लावली होती. मोठी चळवळ झाली, तेव्हा 1964 मध्ये ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचं मान्य झालं.

आता जन्माने ज्यू असलेल्याने बाप्तिस्मा घेतला तर? तलमुद या ज्यू धर्मग्रंथातलं वचन आहे की पाप केलं तरी तो इस्राएलच. म्हणजे जन्माचं ज्यूपण जात नाही. जातात ते हक्क. त्याला मिन्यानमध्ये, म्हणजे प्रार्थनेला लागणाऱ्या दहा प्रौढ पुरुषांत, मोजत नाहीत. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांच्या, वाचनाला बोलवत नाहीत. कोकणात ही अडचण कागदावरची नाही. बरीच घरं इस्रायलला गेल्यामुळे दहा माणसं जमवताना नाकी नऊ येतात, आणि नऊ जमले की ‘तो बसलाय ना मागे, धरा त्याला’ असा मोह होतो. धरू नये. पुढे कुणी हरकत घेतली तर त्या दिवशीच्या प्रार्थनेबद्दलच वाद निघतो, आणि तो माणूस उगाच सगळ्यांच्या तोंडी होतो.

ख्रिस्ती बाजू: पाणी पडलं का?

काथोलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा एकदाच होतो आणि कायमचा होतो. पाणी हवं आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावांनी शब्द उच्चारलेले हवेत. या दोन गोष्टी झाल्या की दवाखान्यात घाईत नर्सने दिलेला बाप्तिस्माही खरा धरतात. हे हलक्यात घेऊ नका. 1858 मध्ये इटलीत बोलोन्या इथे एका ज्यू घरातल्या मोलकरणीने आजारी बाळाला गुपचूप बाप्तिस्मा दिला होता म्हणून सहा वर्षांच्या एदगार्दो मोर्ताराला आईबापांपासून काढून नेलं होतं. आज तसं कुणी करत नाही. पण चोरून दिलेलं पाणीही चर्चच्या हिशेबात पाणीच, ही गोष्ट तीच आहे.

तुमचा बाप्तिस्मा झालाय का याची खात्री नसेल तर जिथे झाल्याची शक्यता आहे त्या पॅरिशच्या, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या, रजिस्टरमध्ये बघायला सांगा. जन्मतारीख, आईबापांची नावं आणि अंदाजे वर्ष द्या. नोंदीत बाप्तिस्म्याची तारीख आणि ठिकाण, देणाऱ्याचं नाव, गॉडफादर-गॉडमदरची नावं असतात. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार) आणि लग्न झालं की ते समासात लिहितात. म्हणून जुनी प्रत पुरत नाही, लग्नाच्या वेळी ताजी काढलेली मागतात. ‘माझं नाव काढून टाका’ असा अर्ज केला तरी नोंद फाडली जात नाही. चर्च औपचारिकपणे सोडल्याने लग्नाच्या नियमांत मिळणारी सूटही 2009 मध्ये काढून टाकली गेली.

प्रोटेस्टंट मंडळ्यांत एक गोष्ट नीट बघायची. काही मंडळ्या बाळाला बाप्तिस्मा देतात. काही बाळाचं फक्त अर्पण करतात, म्हणजे पाळक बाळाला हातात घेऊन प्रार्थना करतात आणि बाप्तिस्मा मोठेपणी बुडवून होतो. अर्पणात पाणी नसतं, तो बाप्तिस्मा नव्हे. घरच्यांना हा फरक आठवत नाही, ‘चर्चमध्ये केलं होतं काहीतरी’ एवढंच सांगतात. फोटो असेल तर फोटो बघा, नाहीतर मंडळीची वही.

ख्रिस्ती झाल्यावर ज्यू विधी पाळत राहिलं तर चर्च काय म्हणतं? सुरुवातीला हा प्रश्न उलटा होता. येशूचे पहिले शिष्य सगळे ज्यूच. जे ज्यू नाहीत त्यांनी सुंता करावी की नाही, यावर यरुशलेममध्ये बैठक झाली ती प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात आहे. चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत दोन्ही पाळणारे गट होते. संत जेरोमने ऑगस्टिनला लिहिलेल्या पत्रात त्यांचा निकाल लावला: यांना ज्यूही व्हायचंय आणि ख्रिस्तीही, आणि हे धड दोन्हीही नाहीत. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने मोशेचे विधी पाळणं ख्रिस्ती माणसाला साफ मना केलं.

या किनाऱ्यावर तर दोन्ही असणं हा गुन्हा होता. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय, बसलं, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंपैकी जे घरात गुपचूप जुना धर्म पाळत त्यांच्यावर त्याचा डोळा होता. मुंबई बेट भाडेपट्ट्याने धरलेला वैद्य गार्सिया द ओर्ता हा असाच एक नवख्रिस्ती. तो 1568 मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं उकरून जाळली. आज काथोलिक चर्चचा सूर पूर्ण बदललाय. 1965 च्या ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यानंतर ज्यूंकडे बघण्याची दृष्टी वेगळी आहे. पॅरिसचे कार्डिनल ल्युस्तिजे जन्माने ज्यू होते आणि शेवटपर्यंत तसं उघड म्हणत. पण ते म्हणाले म्हणून कुठल्या सिनेगॉगने त्यांना मिन्यानमध्ये घेतलं नसतं.

मेसिआनिक मंडळ्या ओळखायच्या कशा

गेल्या पन्नास-साठ वर्षांत, मुख्यतः अमेरिकेतून, एक तिसरी वाट निघाली आहे. हे लोक येशूला येशुआ म्हणतात, शनिवारी जमतात, डोक्यावर किप्पा (छोटी टोपी) आणि खांद्यावर तालीत (प्रार्थनेची शाल) घेतात, शोफर (मेंढ्याचं शिंग) फुंकतात. बाहेरून सगळं सिनेगॉगच. कोकणातल्या तरुण इस्रायली मुलांना हे आकर्षक वाटतं, कारण काहीच सोडावं लागत नाही असं दिसतं. जायच्या आधी तिथल्या माणसाला तीन गोष्टी सरळ विचारा. येशूची देव म्हणून उपासना करता का? सभासद होताना पाण्यात उतरवता का, आणि कुणाच्या नावाने? तुमच्या रब्बीला कुठल्या ज्यू धर्मपीठाने मान्यता दिली आहे? पहिल्याचं उत्तर हो आलं की ऑर्थोडॉक्स, काँझर्वेटिव, रिफॉर्म, सगळ्या ज्यू पंथांच्या दृष्टीने ती ख्रिस्ती मंडळी झाली. एरवी कशावरही एकमत न होणारे हे पंथ इथे मात्र एक आहेत. पाण्यात उतरवण्याला तिथे हिब्रू नाव देतात, त्यामुळे तो बाप्तिस्मा असल्याचं मुलाच्या लक्षातही येत नाही.

मिशनऱ्यांचा अनुभव या किनाऱ्याला जुना आहे. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनचं काम बाणकोटला सुरू झालं, 1832 मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. बेने इस्रायल मुलं मिशनच्या शाळांत शिकली, मराठी जुना करार वाचू लागली, हिब्रू पक्कं झालं, आणि बाप्तिस्मा घेणारे निघाले अगदी थोडे. शिकायला जाणं आणि सभासद होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच्या लोकांना बरोबर कळत होतं.

घरात काय चालतं

घर मिश्र असलं तर आपसांत एक ठरवा: जेवण एक, प्रार्थना वेगळ्या. ज्या विधीत माणूस पाहुणा म्हणून बसू शकतो तो चालतो. ज्या विधीत त्याच्या तोंडून कबुली वदवली जाते तिथे गडबड होते.

मलिदा हे उत्तम उदाहरण. एलिया हन्नाबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने होणारा हा विधी लग्न, मूल, नवीन घर, फिटलेला नवस अशा प्रत्येक निमित्ताने होतो. पंधरा माणसांना अर्धा किलो जाडे पोहे, दोन मध्यम नारळांचं खोबरं, पाव किलो गूळ, वेलची, काजू, बदाम. पोहे भिजवू नका, चाळणीत धुऊन दहा मिनिटं निथळत ठेवा. भिजवले की गुळाचं पाणी सुटून लगदा होतो. ताटात पोह्यांचा ढीग, भोवती फळं. फळांत खजूर किंवा सफरचंदाबरोबर केळं असू द्या, कारण झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा आणि जमिनीच्या पिकाचा वेगळा, आणि केळं जमिनीच्या पिकात धरतात. ख्रिस्ती सून किंवा जावई ताटाभोवती बसायला काहीच हरकत नाही. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य समजून काही ख्रिस्ती नातेवाईक खायला कचरतात; आशीर्वाद म्हटलेलं अन्न आहे, कुणाला वाहिलेलं नाही, हे आधीच सांगा. एलिया त्यांच्याही शास्त्रात आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाची खूण मानतात, तिथेही त्यांना नेता येतं. फक्त मलिद्याच्या प्रार्थनेत येशूचं नाव घालू नका, आणि मिस्साच्या (काथोलिक उपासनेच्या) वेळी ज्यू माणसाने ख्रिस्तशरीर, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायला रांगेत उभं राहू नये. फादरना ओळख नसते, ते देऊन मोकळे होतात, आणि दोन्ही घरं दुखावतात.

किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथ आणि सणाला पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादासाठी, आपल्याकडे मनुकांचं सरबत असतं. पाव किलो काळ्या मनुका लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी कुस्करून फडक्याने गाळा. यापेक्षा पातळ करू नका. ते ख्रिस्ती माणसाने पाहुणा म्हणून प्यायलं तर प्रभुभोजन होत नाही.

सणांच्या तारखांत खरी अडचण पेसाहची, म्हणजे इजिप्तमधून सुटकेच्या ज्यू सणाची; जुन्या बोलीतला हा अनाशी ढाकायचा सण. 325 च्या निकाया परिषदेपासून ईस्टरची तारीख ज्यू पंचांगापासून तोडली गेली, तरी दोन्ही पौर्णिमेच्या आसपासच घुटमळतात. 2022 मध्ये गुड फ्रायडे आणि पहिला सेडर (पेसाहच्या रात्रीचं विधीचं जेवण) दोन्ही 15 एप्रिललाच आले. गुड फ्रायडेला काथोलिक मांस खात नाहीत. अशा वर्षी सेडरच्या जेवणाला पापलेट किंवा सुरमई करा, दोघांचंही निभतं. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकूल आणि मुशी मात्र ज्यू ताटात नको. पंख आणि खवले दोन्ही असलेलीच मासळी चालते. मटणाला दूध-दही न लावता नारळाचं दूध लावायची पद्धत घरात असेलच.

लग्न

हलाखाप्रमाणे ज्यू आणि ज्यू नसलेल्याचं लग्न लागत नाही, म्हणून सिनेगॉगमध्ये केतुबा लिहून मिळणार नाही. त्यासाठी हाजानशी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याशी, हुज्जत घालू नका. काथोलिक बाजूला वाट आहे: बाप्तिस्मा न झालेल्याशी लग्न करायला बिशपांची सूट लागते, आणि ती पॅरिशच्या फादरमार्फत मागायची. काथोलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा टिकवीन आणि मुलांना काथोलिक करायचा शक्य तितका प्रयत्न करीन. ज्यू जोडीदाराला वचन द्यायचं नसतं. पण समोरच्याने काय वचन दिलंय हे त्याला सांगितलं जातं. हा कागद साखरपुड्याआधी वाचा. पुढची निम्मी भांडणं तिथूनच निघतात.

आमच्या मते मिश्र जोडप्याने 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावं. कुणालाच धर्म बदलावा लागत नाही. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहतोय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, 30 दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद होते. वारसाहक्काची काळजी करू नका: ज्यू आणि ख्रिस्ती दोघांनाही 1925 चा भारतीय वारसा कायदाच लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं, ते नव्याने करा. धर्म बदलला म्हणून वारसा बुडतो अशी धमकी कुणी दिली तर घाबरू नका, ती चाल 1850 च्या कायद्यानेच मोडीत काढली होती.

मूल

आई ज्यू असेल तर मूल ज्यूच, बाप्तिस्मा दिला तरी. मुलगा असेल तर सुंता आठव्या दिवशी, जन्माचा दिवस धरून. बुधवारी दिवसा जन्म झाला तर पुढच्या बुधवारी. बुधवारी सूर्य मावळल्यावर झाला तर गुरुवारी. रुग्णालयाच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नीट बघत नाहीत, आणि दिवस चुकतो. कावीळ असेल तर उतरेपर्यंत थांबतात. मोहेल, म्हणजे सुंता करणारा, मुंबईहून बोलवावा लागत असेल तर सातव्या महिन्यातच बोलून ठेवा.

आठव्या दिवशी सुंता आणि चाळिसाव्या दिवशी बाप्तिस्मा, दोन्ही आज्यांना खूश करायला, असंही करतात. करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. बाळाने काही निवडलेलं नसतं आणि त्याला दोन वह्यांत टाकलं जातं. एक ठरवा, ठरत नसेल तर बाप्तिस्मा मूल मोठं होईपर्यंत थांबवा, तो कोणत्याही वयात घेता येतो. बाप्तिस्माच ठरला तर गॉडफादर म्हणून ज्यू मामाला उभं करता येत नाही. तो काथोलिकच हवा, दृढीकरण झालेला, सर्वसाधारणपणे सोळा वर्षांपुढचा.

इस्रायलचे कागद

इथे बुद्धी चक्रावते, म्हणून सावकाश वाचा. 1962 मध्ये ब्रदर डॅनियल हा खटला इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात आला. ज्यू घरात जन्मलेले, युद्धात अनेक ज्यूंना वाचवलेले आणि नंतर कार्मेलाईट या काथोलिक संघाचे संन्यासी झालेले ओस्वाल्ड रुफाइझेन, म्हणजेच ब्रदर डॅनियल, ज्यू म्हणून नागरिकत्व मागत होते. हलाखाप्रमाणे ते ज्यू ठरले असते. न्यायालयाने नाही म्हटलं: लोकव्यवहारात दुसरा धर्म घेतलेल्याला ज्यू म्हणत नाहीत. 1970 च्या दुरुस्तीत हे कायद्यातच आलं: ज्यू म्हणजे ज्यू आईचा किंवा धर्मप्रवेश केलेला, आणि दुसऱ्या धर्माचा सभासद नसलेला. त्याच दुरुस्तीने ज्यू माणसाचा जोडीदार, मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदार यांनाही हक्क दिला. पण ज्यू असून स्वखुशीने धर्म बदलला त्याला नाही.

याचा कोकणातला अर्थ असा. ज्याची आई इस्रायल आणि ज्याने पंचविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, त्याचं दार बंद. ज्याच्या बापाचा बाप इस्रायल, बाकी सगळे काथोलिक, आणि जो जन्मल्यापासून चर्चमध्येच वाढला, तो कधी ज्यू नव्हताच, म्हणून त्याने धर्म ‘बदलला’ही नाही, त्याला नातू म्हणून हक्क मागता येतो. विचित्र आहे, पण कायदा तसाच आहे. मेसिआनिक असलेल्या, ज्यू आईच्या मुलांना 1989 मध्ये न्यायालयाने नकार दिला तो याच कलमावर. अर्जात बाप्तिस्मा लपवू नका. चौकशी होते, आणि खोटं सापडलं की मिळालेलं नागरिकत्वही धोक्यात येतं. आणि नातू म्हणून गेलात तरी तिथला रब्बी तुम्हाला ज्यू धरणार नाही. लग्न लावायची वेळ आली की पुन्हा आईची रेघ काढावी लागते.

परत यायचं असेल तर

जन्माने ज्यू असलेल्या आणि बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला नव्याने ज्यू व्हावं लागत नाही. तरी रूढी अशी की तीन जणांच्या पंचासमोर पुन्हा बांधिलकी सांगावी आणि मिक्वेत, म्हणजे शुद्धीच्या कुंडात, बुडी घ्यावी. मिक्वे गावात नाही म्हणून अडू नका, समुद्र चालतो. तुडुंब भरतीची वेळ टाळा, पाणी छातीपर्यंत येईल अशी जागा बघा. अंगठी, गंडादोरा, नेलपॉलिश, चिकटपट्टी काहीही अंगावर नको, आणि पूर्ण बुडताना एक केसही वर राहता कामा नये. पंच आधी नक्की करा, मग किनारा.

जन्माने ज्यू नसलेल्या ख्रिस्ती माणसाला हे पुरत नाही. त्याला अभ्यास, तीन जणांचं धर्मपीठ, पुरुषाला सुंता आणि मग बुडी, असा लांबचा रस्ता आहे, आणि धर्मपीठ येशूवरच्या श्रद्धेबद्दल सरळ विचारतं. तिथे ‘दोन्ही’ हे उत्तर चालत नाही.

मयत

हे जिवंतपणी, लेखी ठरवा. ज्यू दफनभूमीत बाप्तिस्मा घेतलेल्याला जागा द्यायची की नाही हे तिथली कमिटी ठरवते. दिलीच तरी क्रॉस लावू देत नाहीत. चर्चच्या दफनभूमीत बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदाराला शेजारी पुरायचं असेल तर फादरना आधीच विचारून उत्तर कागदावर घ्या. ज्यू रीतीत अंघोळ, पांढरं सुती कफन आणि शक्य तितक्या लवकर दफन असतं, दूरच्या नातेवाइकांसाठी दोन दिवस थांबत नाहीत. म्हणून एका फायलीत चार कागद ठेवा: आईची केतुबा किंवा तिची प्रत, बाप्तिस्म्याचा दाखला असेल तर तो, लग्नाचं प्रमाणपत्र, आणि कुठल्या रीतीने पुरायचं याची सही केलेली चिठ्ठी. फाईल कुठे आहे ते दोन्ही बाजूंच्या एकेका माणसाला सांगून ठेवा.